आडनाव दुर्मीळ होते म्हणजे काय होते?

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या नामफलकावर पाटील आणि म्हात्रे पुष्कळ आहेत. एक आडनाव मात्र असे आहे की ते ठाण्यात अन्यत्र माझ्या वाचनात आलेले नाही. त्या घरातील आजोबा अभिमानाने सांगतात, "आमची घरेच मोजकी, म्हणजे घराणे प्राचीन आणि शुद्ध." समजूत गोड असली तरी गणित तिच्या बाजूचे नाही.

पाटील, कुलकर्णी ही हुद्द्यांवरून आलेली आडनावे आहेत. गावोगावी असे हुद्देदार होते, त्यामुळे ती एकाच वेळी असंख्य घरांत रुजली. 'कर' लावून होणारे आडनाव सहसा गाव सोडल्यावर चिकटते, कारण येऊरमध्येच राहणाऱ्याला 'येऊरकर' म्हणून वेगळे ओळखता येत नाही. समजा, येऊरहून एकच माणूस बाहेर पडला आणि येऊरकर झाला. आडनाव मुलग्यांकडूनच पुढे जाते असे धरले, तर ते किती पिढ्या टिकेल?

हा प्रश्न आनुवंशिकतेचे ब्रिटिश अभ्यासक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये जाहीरपणे विचारला आणि हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने तो सोडवायला घेतला. आपण सोपे आकडे घेऊ: प्रत्येक पुरुषाला मुलगा नसण्याची शक्यता पाव, एक मुलगा असण्याची अर्धी आणि दोन असण्याची पाव. सरासरी बरोबर एक, म्हणजे वंश वाढतही नाही, घटतही नाही. तरीही पहिल्याच पिढीत आडनाव लोपण्याची शक्यता २५ टक्के आहे. दोन मुलगे असतील तर दोघांच्याही शाखा खुंटाव्या लागतात, म्हणून दोन शक्यतांचा गुणाकार करायचा. एक असेल तर त्याची एकच शाखा खुंटली तरी पुरते. हे सारे एकत्र केले की नियम सुटसुटीत होतो: मागील पिढीपर्यंतच्या शक्यतेत (२५ टक्के म्हणजे ०.२५) १ मिळवा, निम्मे करा आणि वर्ग करा. दुसऱ्या पिढीपर्यंत ३९ टक्के, तिसऱ्या ४८, चौथ्या ५५, पाचव्या ६० टक्के. पुढे हा आकडा संथपणे शंभराकडे सरकत राहतो. वॉटसन यांनी मात्र मुलग्यांची सरासरी एकाहून अधिक असली तरी प्रत्येक आडनाव अखेर लोपतेच, असा निष्कर्ष काढला आणि तेथे ते चुकले. लोपण्याची शक्यता काढण्याच्या त्यांच्या समीकरणाला १ हून लहान असे दुसरेही उत्तर होते, म्हणजे आडनाव कायम टिकण्याचीही शक्यता उरते.

पाच पिढ्यांनंतर जी ४० टक्के आडनावे उरतात, त्यांत त्या पिढीचे सरासरी अडीचच पुरुष असतात. सुरुवात दहा घरांपासून झाली असती, तर याच काळात आडनाव पुसले जाण्याची शक्यता हजारात सहा इतकीच राहिली असती. आजोबांचे आडनाव टिकले यात कुळाच्या थोरवीपेक्षा दैवयोगाचा वाटा मोठा आहे, आणि आडनावावरून 'राजवंशाचे चिन्ह' छापून विकणाऱ्यांना हे कळले तरी ते सांगणार नाहीत.

शुद्धतेच्या दाव्यात एक अंश खरा आहे. वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जाते, आणि टुरी किंग व मार्क जॉबलिंग या आनुवंशिकी संशोधकांनी २००९ मध्ये ब्रिटनमधील आडनावांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांमध्ये ते बरेचदा सारखे आढळले. 'स्मिथ'सारख्या सर्वत्र पसरलेल्या आडनावात तसे दिसले नाही. आपल्याकडे दत्तकाची परंपरा जुनी असल्याने, दत्तक मुलगा परक्या कुळातला असेल तर आडनाव पुढे जाते आणि गुणसूत्राची साखळी तेथेच तुटते.