हुलग्यातील लेक्टिन

हुलगा, म्हणजेच कुळीथ, या कडधान्याच्या बियांत आढळणारे आणि ठरावीक शर्करेलाच धरणारे प्रथिन. ‘ए’ रक्तगटातील ए१ आणि ए२ हे उपगट ओळखण्यासाठी रक्तपेढ्यांत ते ‘अँटी-ए१ लेक्टिन’ या नावाने वापरले जाते. माण, खटाव, जत, आटपाडी या सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात हलक्या रानातही हुलगा तग धरतो आणि घरात त्याचे माडगे, शेंगोळी होतात. त्याच दाण्याचा अर्क मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात रक्ततपासणीलाही उपयोगी पडावा, ही या पिकाची फारशी सांगितली न गेलेली थोरवी आहे. रक्तगटांचे अभ्यासक जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी या बियांचा हा गुण ‘करंट सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत १९५१ साली प्रसिद्ध केला.

या लेक्टिनचा रेणू चार उपघटकांचा असून त्याचे वजन सुमारे १,१०,००० डाल्टन (रेणूंच्या वजनाचे एकक) भरते. शेंगवर्गीय लेक्टिनांच्या ठेवणीप्रमाणे प्रत्येक उपघटकात बीटा-पट्ट्यांचे, म्हणजे प्रथिनसाखळीच्या शेजारी-शेजारी बसलेल्या ताणलेल्या भागांचे, दोन थर समोरासमोर असतात : मागचा सपाट, पुढचा खोलगट. पुढच्या थराच्या टोकाशी शर्करा धरणारी उथळ खाच असते. खाचेलगत कॅल्शियम आणि मँगनीज या धातूंचे आयन (विद्युतभारित अणू) असतात. त्यांचा शर्करेशी थेट संबंध येत नाही, पण ते आजूबाजूची अमिनो आम्ले योग्य जागी धरून ठेवतात. धातू काढून घेतले की पकड जाते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत उपघटकांच्या दोन जोड्यांमध्ये एक आल्फा-सर्पिल (प्रथिनसाखळीचा मळसूत्रासारखा पीळ) अडकलेले दिसले. शेंगवर्गीय लेक्टिनांत अशी जुळणी तोवर पाहण्यात नव्हती.

रक्तगट ठरतो तो तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणेवरून, म्हणजे प्रतिजनावरून. ‘ए’ प्रतिजनाच्या टोकाला एन-असेटिलगॅलॅक्टोसमाइन ही शर्करा असते, ‘बी’च्या टोकाला साधे गॅलॅक्टोज. फरक एवढ्याशा असेटिल-अमिनो गटाचा, आणि खाच नेमका तोच हेरते. ए१ पेशीवर असे प्रतिजन साधारण ८ ते १० लाख असतात, ए२ वर अडीच लाखांच्या आसपास. म्हणूनच फक्त ए१ पेशी चिकटाव्यात यासाठी अर्क मुद्दाम पातळ करतात. तीव्र अर्क ए२ पेशींनाही चिकटवतो आणि चाचणीचा उपयोगच संपतो. ज्याला कमकुवतपणा म्हणावे, तोच इथे कामाला येतो.

नळीत लेक्टिनचा एक थेंब आणि धुतलेल्या तांबड्या पेशींच्या सौम्य द्रावणाचा एक थेंब घालून ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. मग तळाशी बसलेली पेशींची गुंडी हलक्या हाताने हलवायची. ती अखंड सुटली किंवा तिचे ढेकूळ राहिले तर ए१. लालसर धुरासारखी विरघळून सारखी पसरली तर ए२. रेणूला शर्करा धरणाऱ्या जागा एकाहून अधिक असल्यामुळे तो दोन पेशींना एकाच वेळी धरतो, त्यातूनच हे ढेकूळ बनते. रक्त गोठण्याशी त्याचा संबंध नाही. शिजवल्यावर लेक्टिनची घडी मोडते, त्यामुळे माडगे खाणाऱ्याला त्याची धास्ती नको.

ही तपासणी विशेषतः रक्तगट जुळवताना घोळ झाला की लागते. ए२ व्यक्तींपैकी १ ते ८ टक्के लोकांच्या रक्तद्रवात अँटी-ए१ प्रतिपिंड (ए१ पेशींना चिकटणारे संरक्षक प्रथिन) सापडते, ए२बी व्यक्तींत त्याहून बरेच अधिक. मग पेशी एक गट दाखवतात आणि रक्तद्रव दुसरा. हे प्रतिपिंड ३७ अंश सेल्सिअसलाही काम करत असेल, तर त्या रुग्णाला ए२ किंवा ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशी द्याव्या लागतात.

इतर शेंगवर्गीय पिकांची लेक्टिनेही अशीच उपयोगी पडतात. भुईमुगाचे लेक्टिन टी-प्रतिजन, म्हणजे पेशींवरची एरवी झाकलेली एक खूण, ओळखते. या लेक्टिनची रचना एम. विजयन यांच्या बंगळुरूच्या गटाने १९९४ मध्ये उलगडली. मसुराचे लेक्टिन यकृताच्या कर्करोगाशी निगडित एएफपी-एल३ हा रक्तातील प्रथिनाचा प्रकार वेगळा काढायला वापरतात.

हुलग्याच्या लेक्टिनचा निकाल एकटा वाचू नये. नवजात बाळात ‘ए’ प्रतिजन पुरते तयार नसल्याने ए१ बाळही ए२ भासू शकते. उलट टीएन आणि कॅड या दुर्मीळ प्रकारच्या पेशी, त्यांच्यावरही ‘ए’च्या टोकाची शर्करा असल्याने, ‘ओ’ गटाच्या असूनही चिकटतात.