न विचारता वाजणारा फोन: नोटिफिकेशनची पार्श्वभूमी

नव्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून ते पहिल्यांदा उघडलं की प्रश्न येतो: सूचना पाठवू द्यायच्या का? हा प्रश्न आता इतका सवयीचा झालाय की न वाचताच बोट होकारावर जातं. अँड्रॉइड फोनवर मात्र २०२२पर्यंत तो विचारलाच जात नव्हता. अ‍ॅप टाकलं म्हणजे वाजवायची परवानगीही दिली, असं धरून चालत. सोशल मीडियाच्या नोटिफिकेशन आवरणं आज इतकं कठीण का झालं, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी १९८०पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या युनिक्स या संगणक प्रणालीत ‘बिफ’ नावाची एक छोटी आज्ञा आली. विद्यापीठात सगळ्यांच्या ओळखीच्या असलेल्या एका कुत्र्याचं हे नाव. ‘बिफ वाय’ असं टाइप केलं की नवी मेल येताच तिच्या पहिल्या काही ओळी पडद्यावर उमटत, जास्तीत जास्त ७ ओळी किंवा ५६० अक्षरं. त्या चालू कामाच्या मधोमध उमटत आणि एडिटरमधला मजकूर पडद्यावर विस्कटून जाई. त्यावर उपाय म्हणून ‘बिफ एन’ होतं, ते टाइप केलं की लगेच शांतता. हे दोन्ही पर्याय वापरणाऱ्याच्या हाती होते, आणि आपण होऊन सुरू केल्याशिवाय सूचना येतच नव्हती. पुढच्या चाळीस वर्षांत नेमकी हीच बाजू उलटली.

मोबाइलवर हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. साधा फोन मेल ‘ओढून’ आणायचा, म्हणजे ठरावीक मिनिटांनी सर्व्हरला विचारायचा, काही आलंय का? दर वेळी बॅटरी खर्च व्हायची आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असायचं. रिम कंपनीने १९९९मध्ये ब्लॅकबेरी आणला तो ही पद्धत उलटवून. सर्व्हरच निरोप ‘ढकलणार’, फोन फक्त ऐकत राहणार. पुश नोटिफिकेशनमधला ‘पुश’ तो हाच. ब्लॅकबेरीचा लुकलुकणारा लाल दिवा त्या काळच्या कार्यालयांना चांगला ओळखीचा होता, पण त्यामागे शक्यतो कोणा माणसाने लिहिलेली मेल असायची.

आयफोनवर अ‍ॅपना मागे चालू राहायला परवानगी नव्हती; कारण पुन्हा बॅटरीच. त्याऐवजी अ‍ॅपलने जून २००८मध्ये एक सामाईक सेवा जाहीर केली: फोन आणि अ‍ॅपलच्या सर्व्हरमध्ये एकच जोडणी कायम उघडी राहील आणि सगळ्या अ‍ॅपचे निरोप तिच्यातूनच येतील. ती त्याच सप्टेंबरमध्ये यायची होती, आली १७ जून २००९ रोजी, आयफोन ओएस ३.०बरोबर. सुरुवातीला एका निरोपाची मर्यादा २५६ बाइट होती. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेतं, म्हणजे मराठीत जेमतेम ऐंशी चिन्हं. मर्यादा नंतर २ आणि मग ४ किलोबाइट झाली. एकच जोडणी सामाईक झाल्याने निरोप पाठवणं जवळजवळ फुकट झालं. अँड्रॉइडवर गुगलने अशीच सेवा २०१०मध्ये आणली.

याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅप घडत होतं. यान कूम यांनी ते २००९मध्ये बनवलं ते गप्पांसाठी नव्हे. ‘जिममध्ये आहे’, ‘बॅटरी संपतेय’ अशी आपली स्थिती नावापुढे लावायची, एवढाच त्याचा उपयोग होता. जूनमध्ये पुश आलं आणि कूम यांनी अशी सोय केली की कोणी स्थिती बदलली की ओळखीच्या सगळ्यांचे फोन वाजावेत. लोक त्यातूनच एकमेकांना निरोप पाठवू लागले, ते पाहून पुढच्या आवृत्तीत गप्पांची सोय आली. आज घराघरात असलेलं हे अ‍ॅप नोटिफिकेशनच्या पोटी जन्मलं. त्याला गप्प करणं अवघड जातं त्यात नवल नाही.

फेब्रुवारी २००९मध्ये फेसबुकवर ‘लाइक’चं बटण आलं. या विषयाच्या इतिहासात मला हा बदल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तोवर नोटिफिकेशन म्हणजे कोणीतरी काहीतरी लिहिलं. आता कोणी नुसता अंगठा टेकवला तरी फोन वाजू लागला. पुढे तर कोणी काहीच केलं नाही तरी वाजू लागला: ‘यांना तुम्ही ओळखत असाल’, ‘अमुक यांनी बऱ्याच दिवसांनी पोस्ट केली’, ‘तुमच्या आवडीचं रील’. माणसाचा निरोप, माणसांची हालचाल आणि अ‍ॅपचं आमंत्रण असे तीन प्रकार एकाच आवाजात, एकाच रांगेत येऊ लागले. या वेळी काय असेल हे ठाऊक नसल्याने प्रत्येक वेळी पाहावंसं वाटतं. बक्षीस कधी मिळेल हे अनिश्चित असलं की वागणूक जास्त चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५०च्या दशकात कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं.

भारतात निरोप आणि जाहिरात वेगळी करायचा विचार एसएमएसच्या बाबतीत आधीच झाला होता. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे नियम सप्टेंबर २०११मध्ये लागू झाले, त्यांत बँकेचा व्यवहाराचा एसएमएस आणि जाहिरातीचा एसएमएस वेगळे मानले, आणि जाहिरातींना रात्री ९ ते सकाळी ९ बंदी घातली. १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत ‘स्टार्ट’ आणि शून्य असा एसएमएस पाठवून सगळ्या जाहिराती थांबवता येतात, ही सोय आजही आहे. पण हे नियम कॉल आणि एसएमएससाठी आहेत. अ‍ॅपची नोटिफिकेशन इंटरनेटवरून येते, तिला ते लागू नाहीत. जी विनंती १९०९वर एकदा करून भागतं, ती अ‍ॅपच्या बाबतीत प्रत्येक अ‍ॅपमध्ये जाऊन वेगळी करावी लागते.

फोन बनवणाऱ्यांनी लगाम हळूहळू परत दिला. अँड्रॉइड ४.१मध्ये, २०१२ साली, एखाद्या अ‍ॅपच्या सगळ्या सूचना एकदम बंद करता येऊ लागल्या. आयफोनवर ‘व्यत्यय आणू नका’ त्याच वर्षीच्या आयओएस ६मध्ये आलं. पण ‘सगळं किंवा काहीच नाही’ हा पर्याय फारसा उपयोगी नव्हता. ऑफर बंद कराव्यात तर डिलिव्हरीची खबरही बंद होई. यातून वाट निघाली २०१७मध्ये, अँड्रॉइड ८च्या ‘चॅनल’मुळे. प्रत्येक अ‍ॅपने आपल्या सूचना प्रकारवार वेगळ्या करायच्या आणि प्रत्येक प्रकाराची कळ वापरणाऱ्याकडे द्यायची, असा तो नियम. ही सोय वापरणं सोपं आहे. आलेली सूचना बोटाने दाबून धरा, तिचा प्रकार समोर येईल, तिथेच ती बंद किंवा ‘मूक’ करा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप शोधत बसायची गरज नाही. आठवडाभर प्रत्येक नकोशा सूचनेला एवढंच केलं तरी फोन बराच शांत होतो, आणि एका बैठकीत सगळी यादी चाळण्यापेक्षा हे नेमकं होतं, कारण काय नको आहे हे सूचना आल्यावरच नीट कळतं.

चॅनलमध्ये एक पळवाट राहिली. तुम्ही बंद केलेला प्रकार अ‍ॅपला परत सुरू करता येत नाही, अगदी पुसून पुन्हा बनवला तरी जुनीच निवड लागू राहते. नव्या नावाने नवा प्रकार मात्र काढता येतो आणि तो सुरू स्थितीतच येतो. अ‍ॅप अपडेट झाल्यावर ‘बंद केलं होतं, पुन्हा वाजायला लागलं’ असा अनुभव येतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. दुसरी अडचण अशी की काही अ‍ॅप जाहिराती आणि कामाचे निरोप एकाच प्रकारात कोंबतात. अशा वेळी अ‍ॅपच्या आतल्या सेटिंगकडे जावं लागतं. यूट्यूबवर सूचनांच्या सेटिंगमध्ये दिवसातून एकदाच ठरल्या वेळी गठ्ठा मिळण्याची सोय आहे. इन्स्टाग्रामवर लाइक, सुचवलेल्या पोस्ट, लाइव्ह यांच्या कळा वेगवेगळ्या आहेत.

आधी विचारायची सक्ती २०२२च्या अँड्रॉइड १३पासून आली. दोनदा नकार दिला की अ‍ॅपला तो प्रश्न पुन्हा दाखवता येत नाही. पण जुना फोन अपडेट होऊन १३वर आला असेल, तर आधीपासून असलेल्या अ‍ॅपची परवानगी तशीच चालू राहते. नवा नियम जुन्या सामानाला लागला नाही, म्हणून ती सफाई हातानेच करायची. आयफोनवर प्रश्न सुरुवातीपासून होता, तरी आयओएस १२पासून अ‍ॅपना न विचारता ‘गुपचूप’ सूचना ठेवण्याची मुभा मिळाली. अशी सूचना वाजत नाही, यादीत पडून राहते आणि तिच्याखाली ‘ठेवा’ की ‘बंद करा’ हा पर्याय येतो.

मग सगळंच बंद केलं तर? २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना सूचना दिवसातून तीनदा गठ्ठ्याने दिल्या, काहींना अजिबात दिल्या नाहीत. तीनदा मिळणाऱ्यांचं लक्ष आणि मनःस्थिती सुधारली, मुळीच न मिळणाऱ्यांची अस्वस्थता मात्र वाढली, काहीतरी हुकतंय ही धास्ती राहिली. आयओएस १५मधला ‘नियोजित सारांश’ याच कल्पनेवर चालतो. नुसता आवाज बंद करण्यापेक्षा हे वेगळं आहे. आवाज नसला तरी माणूस दर पाच मिनिटांनी स्वतःच पाहत राहतो. गठ्ठ्याची वेळ ठाऊक असली की पाहायचं कारणच उरत नाही. फोन हातात घेतलाही नाही, नुसता वाजला तरी हातातल्या कामात चुका वाढतात, हे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या २०१५च्या अभ्यासात दिसलं होतं.

आपल्याकडे खरा गोंगाट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा. ग्रुपची मर्यादा २०१६मध्ये २५६ जणांची झाली, २०२२मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४. म्यूट करायला ८ तास, १ आठवडा आणि १ वर्ष असे पर्याय होते. ‘वर्ष’ काढून ‘कायम’ ठेवायला ऑक्टोबर २०२० उजाडलं. कायम म्यूट केलेला ग्रुपही तुमचा उल्लेख केला किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर वाजू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि ‘म्यूट चालत नाही’ अशी तक्रार होते. ग्रुप अर्काइव्ह करणं, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला ठेवणं, हा यापुढचा उपाय. २०२१पर्यंत नवा मेसेज येताच तो पुन्हा वर उसळायचा, आता सेटिंगमध्ये ‘अर्काइव्ह केलेले तसेच ठेवा’ चालू असेल तर बाजूलाच राहतो. मेसेजवरच्या प्रतिक्रियांची सूचना वेगळी बंद करता येते. सगळ्यात आधी हीच बंद करावी, तिच्यात वाचण्यासारखं काहीच नसतं. घरातलं कोणी परदेशी असेल तर रात्री फोन गप्प राहण्याची वेळ त्यांच्या फोनवरच लावावी लागते. इथून सकाळी ६ वाजता पाठवलेलं ‘सुप्रभात’ लंडनमध्ये उन्हाळ्यात रात्री दीड वाजता वाजतं.

एकट्याने आवरण्याला मर्यादा आहेत, हे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ओळखलं. १५ ऑगस्ट २०२२पासून तिथे संध्याकाळी ७ला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाइल आणि टीव्ही बंद राहतात. सगळं गाव एकाच वेळी थांबत असल्याने कोणाचं काही हुकत नाही. कामाच्या निरोपांसाठी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, कामाच्या वेळेनंतर फोनला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून. फ्रान्समध्ये तसा कायदा १ जानेवारी २०१७पासून लागू आहे.

रात्री फोन गप्प करायला बहुतेक जण धजत नाहीत, ते गावाकडून आईवडिलांचा तातडीचा फोन येईल या काळजीने. त्यासाठी ‘व्यत्यय आणू नका’मध्ये दोन सोयी आहेत. जवळच्या माणसांच्या क्रमांकावर तारा लावून त्यांचे कॉल अपवाद ठरवायचे. आणि ‘पुन्हा कॉल करणारे’ ही कळ चालू ठेवायची. मग त्याच क्रमांकावरून अँड्रॉइडवर १५ मिनिटांत, आयफोनवर ३ मिनिटांत दुसरा कॉल आला तर फोन वाजतो. घरच्यांना एवढंच सांगून ठेवायचं, की निकड असेल तर लागोपाठ दोनदा कॉल करा.