देवनागरी फाइलनावांची अकारविल्हे

फाइल मॅनेजरने देवनागरी नावे मराठी वर्णक्रमाने न लावता युनिकोडमधील (संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणातील) क्रमांकांनुसार लावल्यामुळे होणारी गडबड आणि तिची दुरुस्ती. हे दोन क्रम बरेचसे जुळतात, म्हणूनच चूक लवकर ध्यानात येत नाही. नेहमीच्या जागी न दिसलेली फाइल हरवली असे समजून माणूस तीच पुन्हा तयार करतो.

सातारा-सांगलीकडच्या गावांच्या नावांनी फोल्डर केले, की फरक लगेच दिसतो. मराठीत ळ हा ह-नंतरचा वर्ण, म्हणून पलूस, पसरणी, पळशी असा क्रम हवा. युनिकोडात ळ हा ल-च्या लगेच पुढे आहे, त्यामुळे पळशी पसरणीच्या आधी येते. क्षेत्र माहुली शेवटी जाण्याऐवजी कोरेगाव आणि खटाव यांच्यामध्ये बसते, कारण संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. (हिंदी कोशांतही क्ष हा क-मध्येच येतो.) अनुस्वाराच्या बाबतीत मात्र परंपरा आणि युनिकोड जुळतात. खंडाळा खटावच्या आधीच येते. वाईत घडलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंडही (१९७६) ‘अंक’पासून सुरू होतो.

सर्वांत फसवे नाव कऱ्हाड. त्यातला अर्धा ऱ तीन प्रकारे टंकित होतो: ऱ हे एकच चिन्ह वापरून, र-खाली नुक्ता (टिंब) देऊन, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला तिन्ही सारखे. तरीही निव्वळ क्रमांकांच्या क्रमात नुक्त्याचे कऱ्हाड ‘कराड’च्या आधी लागते, उरलेली दोन नंतर. लिनक्समध्ये ही तिन्ही नावे एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदू शकतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने (समकक्ष ठरवलेली रूपे एकसारखी करण्याने) नुक्त्याचे रूप एकचिन्ही रूपात बदलते. जोडचिन्हाचे बदलत नाही, ते शोधून हातानेच बदलावे लागते. कार्यालयात सर्वांनी एकच कीबोर्ड मांडणी वापरणे हाच खरा उपाय.

तपासणीसाठी पलूस, पसरणी, पळशी असे तीन रिकामे फोल्डर करून पाहावेत. पळशी मध्ये आली तर मराठी क्रम चालू नाही. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषानिहाय माहितीसंचात मराठीसाठी ह, ळ, क्ष, ज्ञ असाच क्रम दिला आहे. मात्र प्रत्येक प्रोग्रॅम तो वापरतोच असे नाही. लिनक्समध्ये क्रमाचे लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) ‘सी’, म्हणजे निव्वळ क्रमांकांनुसार लावणारे, असेल तर ते मराठी (भारत) करून पुन्हा लॉगिन करावे. मेनू इंग्रजीत ठेवूनही एवढा एकच बदल करता येतो.

आकड्यांची अडचण वेगळी. ज्या मॅनेजरला फक्त इंग्रजी अंक संख्या म्हणून कळतात, तो ‘ठराव १०’ हा ‘ठराव २’च्या आधी लावतो. तेथे ०१, ०२ असे शून्य लावून नावे द्यावीत. फाइली शंभरावर जाणार असतील तर ००१ पासून.