जठरातला बहुरूपी

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पिळदार आकाराचा जिवाणू जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या जठरात मुक्काम ठोकून असतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. काहींना त्याच्यामुळे अल्सर होतो, थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. जठरातल्या आम्लात तो तग कसा धरतो, याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला त्याहून अचंबा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्या प्रतिकारयंत्रणेला त्याचा सुगावा लागलेला असतो, तरीही तो त्याच जागी वर्षानुवर्षं कसा राहतो?

उत्तराचा एक मोठा भाग त्याच्या अंगावरच्या साखरेत आहे. या जिवाणूच्या बाह्य आवरणातून शर्करांच्या साखळ्या बाहेर डोकावतात. त्या साखळीवर ठरावीक जागी फ्यूकोज नावाची साखर जोडली की ‘लुईस एक्स’ हे प्रतिजन, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला ओळखता येणारी खूण, तयार होतं, आणि शेजारी आणखी एक फ्यूकोज बसलं की ‘लुईस वाय’. हीच प्रतिजनं आपल्या जठराच्या अस्तरातल्या पेशींवरही असतात. म्हणजे जिवाणू यजमानाचेच कपडे घालून वावरतो.

पण तो एकाच वेशात राहत नाही. एका पेशीपासून वाढवलेल्या वसाहतीतही हजारातल्या दोन ते पाच जिवाणूंचे लुईस प्रतिजन बदललेले सापडतात. फ्यूकोज जोडणारी एन्झाइमं घडवणारी त्याची जनुकं तीन: फुट-ए, फुट-बी आणि फुट-सी. तिन्ही आपापली चालू-बंद होऊ शकतात, म्हणजे जुळण्या आठ.

हे बटण दाबतं कोण? कोणीच नाही. डीएनए ए, सी, जी आणि टी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. या जनुकांमध्ये त्यातलं ‘सी’ हे एकच अक्षर ओळीनं अनेकदा येतं: सीसीसीसीसीसी... डीएनएची नक्कल होताना अशा सरळसोट ओळीत यंत्रणा घसरते आणि एखादं अक्षर जास्त पडतं किंवा गळतं. एकसारख्या मण्यांची माळ मोजताना आपला आकडा चुकतो, तसंच.

एका अक्षरानं काय बिघडतं, ते मराठीतच पाहू. तीन-तीन अक्षरांचं वाक्य घेऊ: ‘विमल ललित लिहिते’. इथे दोन ‘ल’ लागोपाठ आले आहेत. उतरवणाऱ्याकडून तिसरा ‘ल’ पडला आणि वाचणाऱ्यानं तीन-तीनच अक्षरं उचलायची ठरवली, तर हाती येतं: ‘विमल लललि तलिहि ते’. पहिला शब्द शाबूत, पुढचा सगळा गोंधळ. पेशीही जनुक तीन-तीन अक्षरांनीच वाचते. त्या गोंधळात लवकरच ‘थांबा’ असा संकेत लागतो, प्रथिन अर्धवट राहतं आणि जनुक बंद पडतं. पुढच्या एखाद्या पिढीत ते जादा अक्षर गळलं की पुन्हा चालू.

अशा चुका हेरून दुरुस्त करणारी जी यंत्रणा कितीतरी जिवाणूंमध्ये असते, तिचे महत्त्वाचे घटक याच्याकडे नाहीतच. त्यामुळे चुका टिकतात आणि पिढी दर पिढी थोडे वेगळे वंशज जन्माला येत राहतात. एकाच रुग्णाच्या जठरातून मिळवलेल्या जिवाणूंमध्येही म्हणूनच लुईस प्रतिजनांचे वेगवेगळे नमुने आढळतात.

याचा फायदा थेट प्रतिकारयंत्रणेच्या दारात दिसतो. परक्या जंतूंची वर्दी प्रतिकारयंत्रणेला देणाऱ्या आपल्या डेंड्रायटिक पेशींवर ‘डीसी-साइन’ नावाचा ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन, असतो. लुईस प्रतिजन मिरवणारे जिवाणू त्याला चिकटतात आणि त्यामुळे जिवाणूविरुद्धचा तीव्र प्रतिसाद मंदावतो. प्रतिजन नसलेले जिवाणू त्याला चिकटतच नाहीत. दोन्ही प्रकार एकाच जठरात नांदत असल्यानं प्रतिकारयंत्रणेचा प्रतिसाद कधी जोरात, कधी दबकत चालत राहतो.

मोजणीचा खेळ एवढ्यावर थांबत नाही. फुट-ए आणि फुट-बी यांच्या प्रथिनांच्या शेपटीला सात-सात अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. असे किती तुकडे आहेत, त्यावरून साखळीवर किती अंतरावर फ्यूकोज बसवायचं ते ठरतं. शेपटी मोजपट्टीचं काम करते. तीही डीएनएतल्या पुनरावृत्तीतूनच लिहिलेली असते. एक तुकडा वाढला किंवा गळला की फ्यूकोज साखळीवर दुसरीकडेच जाऊन बसतं.