डेकडंट कादंबरी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये उगवलेला आणि पुढे युरोपभर पसरलेला कादंबरीप्रकार. नायक बहुधा जुन्या सरदार घराण्यातला शेवटचा वंशज. सत्ता गेलेली, जमीनजुमला विकलेला; उरली ती चोखंदळ रुची आणि तिचे लाड पुरवण्याइतका पैसा. ‘डेकडन्स’ म्हणजे ऱ्हास. रोमच्या उतरत्या काळातील लॅटिन साहित्याला लावलेले हे दूषण १८८०च्या दशकात फ्रेंच कवींनी बिरुदासारखे मिरवले. पॉल व्हर्लेनने तर १८८३ मध्ये एका कवितेत ‘मी म्हणजे ऱ्हासाच्या अखेरीचे साम्राज्य’ असेच म्हटले.

या प्रकाराचा मूळ नमुना म्हणजे फ्रेंच लेखक ह्यूसमान्सची ‘आ रबूर’ (१८८४). शीर्षकाचा अर्थ साधारण ‘उफराटे’. कथानक जवळजवळ नाहीच. दे एसँत हा नायक वडिलोपार्जित गढी विकून सरकारी रोखे घेतो आणि पॅरिसबाहेर फोंतने-ओ-रोझ येथे एकटा राहू लागतो. गालिच्याचे रंग खुलावेत म्हणून तो जिवंत कासवाची पाठ सोन्याने मढवून तीवर रत्ने जडवतो. त्या भाराने कासव मरते. मद्यांच्या छोट्या पिंपांचे त्याने एक वाद्यच केले आहे: प्रत्येक मद्य म्हणजे एकेक वाद्याचा सूर, आणि मैफल जिभेवर. एकदा तो लंडनला निघतो, पण पॅरिसमधल्याच इंग्रजी खाणावळीत जेवून, इंग्लंड अनुभवून झाले असे ठरवून सामानासकट घरी परततो. कादंबरी भक्तिभावाने वाचणाऱ्यांना यातला विनोद दिसत नाही. अखेर प्रकृती ढासळते आणि डॉक्टर त्याला पुन्हा माणसांत पाठवतो.

हा थाट लिहिणारा ह्यूसमान्स स्वतः गृहखात्यात कारकून होता. नायक बेतला तो मुख्यतः रॉबेर द मोंतेस्क्यू या खऱ्या उमरावाबद्दलच्या ऐकीव गोष्टींवरून. या कादंबऱ्यांतली सरदारकी बऱ्याचदा अशी दाराबाहेरून पाहिलेली असते, आणि म्हणूनच तिच्यात वंशापेक्षा वस्तूंचे वर्णन अधिक.

इटलीत गाब्रिएले दान्नुंत्सिओ या लेखकाने ‘इल पियाचेरे’ (१८८९) लिहिली. तो पेस्कारासारख्या लहान गावातून आलेला. १८८३ मध्ये एका ड्यूकच्या मुलीशी लग्न करून वरच्या वर्तुळात शिरलेला. १८७१ मध्ये राजधानी झालेल्या रोममध्ये तेव्हा बांधकामाचे पेव फुटले होते. लुडोविसी घराण्याच्या प्रसिद्ध बागेचेही प्लॉट पडले. कादंबरीचा शेवट लिलावात होतो. प्रेयसीच्या घरातले कपाट हमाल जिन्यावरून वर नेत असतात आणि नायक आंद्रेआ स्पेरेल्ली त्यामागून पायरी-पायरीने चढत राहतो. ऱ्हासाचे याहून नेमके चित्र या परंपरेत क्वचितच सापडेल.

इंग्रजीत ऑस्कर वाइल्डची ‘डोरियन ग्रे’ (१८९०, विस्तारित आवृत्ती १८९१) सर्वश्रुत आहे. १८९५ मध्ये न्यायालयात वाइल्डची उलटतपासणी झाली, तेव्हा ‘आ रबूर’चाही विषय निघाला.

उशिरा आलेले, पण फार मोलाचे फळ रुमानियातले. मातेयु काराजालेची ‘क्राई दे कुर्तेआ-वेके’ १९२९ची, काळ १९१०च्या सुमाराचा, शहर बुखारेस्ट. लेखक एका प्रसिद्ध नाटककाराचा अनौरस मुलगा. कुलचिन्हांचा आणि वंशावळींचा त्याला आयुष्यभर ध्यास. पाशादिया आणि पांताझी हे दोन खानदानी, थकलेले पुरुष रात्रीमागून रात्री खाण्यापिण्यात आणि गतकाळाच्या गप्पांत घालवतात. त्यांना वाईट वस्त्यांत फिरवणारा पिर्गू हा उथळ, बेरकी माणूस. पुढे पाशादिया मरतो, पांताझी देश सोडतो आणि पिर्गू गबर होऊन राजकारणात वर चढतो.