रॉड-प्लेट काढल्यानंतरचा पाय : आमच्याकडे येण्याआधी एकदा वाचा

‘प्लेट काढायचं ऑपरेशन तर किरकोळ, मग व्यायामाला कशाला यायचं?’ आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर छापूनच ठेवलेलं बरं.

मोडलेलं हाड जुळवायला धातूची सळई (रॉड) किंवा पट्टी (प्लेट) स्क्रूंनी बसवतात. ती काढायचं ऑपरेशन बसवायच्या पहिल्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं हे खरं. बरेच जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत निघतात आणि पायावर वजन टाकायची परवानगीही पुष्कळदा लगेच मिळते. सगळा घोटाळा होतो तो टाके निघाल्यानंतर. सूज उतरते, दुखणं थांबतं आणि माणूस तिसऱ्या आठवड्यात थेट मैदानावर किंवा जिममध्ये पोचतो. दुखत नाही म्हणजे हाड भरलं, असा हिशोब. हा हिशोब साफ चुकीचा आहे.

ऑपरेशननंतर दुखते ती मुख्यतः कातडी, स्नायू आणि हाडावरचं पातळ आवरण. ते लवकर सांधतं. स्क्रू जिथून निघाले ती भोकं मात्र हाडात तशीच असतात, आणि भोकं दुखत नाहीत. त्यात नवं, कच्चं हाड धरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि ते पक्कं व्हायला आणखी काही महिने. शिवाय वर्ष-दोन वर्षं बराचसा भार प्लेटने उचललेला असतो, त्यामुळे तिच्याखालचं हाड थोडं विरळ झालेलं असू शकतं. प्लेट निघाली की सगळा भार एकदम त्याच्यावर येतो.

सरळ चालण्याचा भार हे हाड बहुधा पेलतं. त्याला सोसत नाही तो पीळ. भोक पाडलेली काठी दोन्ही हातांनी पिळून बघा, ती भोकापाशीच तडकते. पाऊल जमिनीवर घट्ट रोवलेलं आणि अंग कंबरेतून गर्रकन वळलेलं, हीच ती घातकी हालचाल. खेळताना ती होतेच, पण भरलेली बादली उचलून बाजूला वळतानाही होते. तेव्हा वळायचं असेल तर पावलं टाकत वळा. धावणं, उड्या, धक्काबुक्कीचे खेळ यांना डॉक्टर सहसा सहा आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंत मनाई करतात. मांडीच्या हाडाच्या प्लेटसाठी ही मुदत जास्तच असते.

‘आमच्या ओळखीचे एक जण तर महिन्यात पळायला लागले’ हेही आम्ही नेहमी ऐकतो. त्यांचा कदाचित रॉड असेल. रॉड हाडाच्या पोकळीत बसतो, त्याला अडकवणारे स्क्रू दोन्ही टोकांना मोजकेच असतात. प्लेटची भोकं हाडाच्या लांबीवर ओळीने असतात. घोट्यातला एकच स्क्रू काढला असेल तर हिशोब आणखी वेगळा. एकाचं वेळापत्रक दुसऱ्याला लावता येत नाही, आणि म्हणूनच डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशननंतरचा एक्स-रे पाहिल्याशिवाय आम्ही पायाला जोर देणारा व्यायाम सुरू करत नाही. काहींना हा आमचा हेका वाटतो. कागद नसले तर पहिली भेट निम्मी वाया जाते, तुमची आणि आमचीही. धावण्याच्या परवानगीचंही तसंच. ती तुमचे सर्जन देतील, आम्ही ती घाईने देणार नाही, कितीही आग्रह केलात तरी.

मग या काळात करायचं काय? भरपूर आहे. पहिल्या दिवसांत पाय उशीवर उंच ठेवणं, घोटा वर-खाली हलवणं आणि मांडीचा स्नायू आवळणं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबा आणि पाच आकडे मोजेपर्यंत धरा. गुडघ्याची वाटी मांडीच्या दिशेला किंचित सरकताना दिसली तर स्नायू बरोबर काम करतोय. पाय नुसताच ताठ झाला आणि वाटी जागची हलली नाही, तर बहुतेक वेळा जोर टाचेचा किंवा कंबरेचा लागलेला असतो. घरी बसून केलेला व्यायाम इथेच फसतो.

दुसरी गोष्ट लंगडण्याची. हाड मोडलं तेव्हा लागलेली लंगडायची सवय धातू काढल्यावर आपोआप जात नाही. आम्ही दोन्ही मांड्यांचा घेर वाटीपासून सारख्याच अंतरावर टेपने मोजतो, फरक तुम्हाला दाखवतो आणि त्यावरून व्यायाम ठरवतो. काठी दिली असेल तर ती ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

नडगीतला रॉड गुडघ्याच्या पुढून काढला असेल तर गुडघे टेकून बसताना बरेच महिने दुखू शकतं. व्रणाजवळ बधिर वाटणंही नेहमीचंच. तुटलेल्या स्क्रूचा तुकडा आत राहिला असेल तर घाबरू नका, तो काढण्यासाठी जास्त हाड कोरावं लागलं असतं म्हणून मुद्दाम सोडलेला असतो. मात्र जखमेतून पू किंवा पाणी, ताप, वाढती लाली, पोटरी एकाएकी सुजून दुखणं, यांपैकी काही दिसलं तर आमच्याकडे येऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकदम दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक इस्पितळ. मांडीत किंवा नडगीत अचानक ‘कट्’ झालं आणि पायावर वजन टाकवेना, तर पाय जमिनीला न टेकवता एक्स-रे काढून घ्या.

रोज येण्याची गरज बहुतेकांना नसते. मशीनचा शेक देत तासभर झोपवून ठेवणं आमच्याकडे नाही. व्यायाम नीट शिकवतो, तुम्ही घरी करता, पुढच्या भेटीत आम्ही तपासून तो वाढवतो. अधल्यामधल्या शंका फोनवर विचारल्यात तरी चालतं, त्याचे पैसे घेत नाही. पहिली वेळ टाके निघाल्यावर लगेचची घ्या, लंगडणं अंगवळणी पडायच्या आत. येताना कागद, एक्स-रे, गुडघ्याच्या वर सहज सरकेल असा सैल कपडा आणि रोज वापरता ते बूट आणा. टाचेची झीज कुठल्या बाजूला आहे ते आम्हाला बघायचं असतं.