आफ्रिकी क्रीडास्पर्धांचे यजमानपद

आफ्रिका खंडातील राष्ट्रांसाठी साधारणपणे दर चार वर्षांनी, ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी भरणाऱ्या बहुक्रीडा स्पर्धेच्या आयोजनाची जबाबदारी. पूर्वी ही स्पर्धा ‘ऑल-आफ्रिका गेम्स’ या नावाने ओळखली जाई. गेल्या दशकापासून ‘आफ्रिकन गेम्स’ हे आटोपशीर नाव रूढ आहे. १९६५ ते २०२४ या काळात १३ स्पर्धा झाल्या. त्यांपैकी निदान सहा वेळा आधी ठरलेले शहर, आधी ठरलेले वर्ष किंवा दोन्ही बदलावे लागले. संदर्भग्रंथांतील यजमान शहरांच्या याद्या सुबक असतात आणि हा घोळ त्यांत दिसत नाही. म्हणून या नोंदीत पदकांपेक्षा यजमानपदाच्या देवघेवीकडे अधिक लक्ष दिले आहे.

पूर्वपीठिका : या स्पर्धेचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. एक परंपरा तो आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक प्येअर द कूबेर्तँ यांच्या योजनेपर्यंत मागे नेते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या १९२३ मधील रोम अधिवेशनात आफ्रिकेसाठी स्वतंत्र स्पर्धांचा विषय निघाला आणि पहिली स्पर्धा १९२५ मध्ये अल्जिअर्सला भरवावी असे ठरले. ती भरली नाही. मग यजमानपद ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाकडे गेले. नियोजित वर्ष काही ठिकाणी १९२७ असे नोंदलेले आढळते, परंतु अखेरची निश्चित तारीख १९२९ ची होती. समितीचे ईजिप्तमधील ग्रीकवंशीय सदस्य अँजेलो बोलानाकी यांच्या पुढाकाराने तेथे भव्य क्रीडांगणही उभे राहिले. ऐनवेळी स्पर्धा रद्द झाली.

ती कोणामुळे रद्द झाली, हाही वादाचा मुद्दा आहे. ब्रिटन व फ्रान्स यांनी आपल्या वसाहतींतील तरुण एकत्र येऊ नयेत म्हणून ती मोडीत काढली, असा प्रचलित निर्वाळा आहे. ईजिप्तमधील अंतर्गत राजकारणाचाही त्यात वाटा असावा, असे काही अभ्यासक सुचवतात. वसाहती सरकारांच्या सहकार्यावाचून संघ पाठवणे अशक्य होते हे लक्षात घेता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र दुसरे पूर्णपणे निकालात निघालेले नाही. क्रीडांगण वाया गेले नाही. १९५१ ची पहिली भूमध्यसागरी स्पर्धा आणि १९५३ ची पहिली अरब स्पर्धा, दोन्ही अलेक्झांड्रियातच भरल्या. ज्या आफ्रिकी स्पर्धेसाठी ते बांधले, तेवढी मात्र तेथे भरली नाही.

दुसरी परंपरा या कथेला बाजूला ठेवून ‘मैत्री स्पर्धां’पासून आरंभ करते. फ्रेंच भाषक प्रदेशांसाठीची पहिली स्पर्धा एप्रिल १९६० मध्ये मादागास्करमधील तानानारिव्ह (आताचे अंतानानारिव्हो) येथे झाली. तिच्यामागे फ्रान्सचा हात उघड होता. १९६१ च्या अखेरीस आबिजान (आयव्हरी कोस्ट) येथे आणि एप्रिल १९६३ मध्ये डाकार (सेनेगल) येथे पुढच्या स्पर्धा झाल्या. डाकारला काही इंग्रजी भाषक देशही सहभागी झाल्याने भाषिक कुंपण मोडले. मधल्या काळात, १९६२ मध्ये, आफ्रिकी देशांच्या युवक व क्रीडामंत्र्यांच्या बैठकीत ही स्पर्धा साऱ्या खंडाची करावी असा निर्णय झाला. खंडाच्या ऐक्याची ही बैठक भरली पॅरिसमध्ये.

कूबेर्तँ यांच्या योजनेत आफ्रिकी खेळाडू हा वसाहतीचा प्रजाजन होता. १९६० नंतरच्या स्पर्धांत तो नव्या राष्ट्राचा नागरिक झाला. दोन्ही योजनांमधील संघटनात्मक दुवा दाखवता येत नाही. म्हणून मैत्री स्पर्धांना प्रत्यक्ष पूर्वज आणि अलेक्झांड्रियाला एक स्वतंत्र, खुंटलेला प्रयत्न मानणे अधिक योग्य. अधिकृत क्रमवारीत अर्थातच यांपैकी काहीच धरत नाहीत. ती १९६५ पासून सुरू होते.

ब्राझाव्हिल ते लागोस : पहिली स्पर्धा १८ ते २५ जुलै १९६५ या काळात काँगोची राजधानी ब्राझाव्हिल येथे झाली. देशांची संख्या कोठे २९ तर कोठे ३० दिलेली आढळते. खेळाडू सुमारे २,५०० होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज जातीने हजर होते, आणि स्पर्धेला ऑलिंपिक चळवळीची मान्यता मिळाली. फुटबॉलचा अंतिम सामना काँगो व माली यांच्यात गोलशून्य बरोबरीत सुटला आणि यजमानांना अधिक कॉर्नर मिळाल्यामुळे सुवर्णपदक त्यांच्याकडे गेले. पदकतालिकेत ईजिप्त अव्वल होता.

पुढच्याच वर्षी मालीची राजधानी बामाको येथे आफ्रिकेची सर्वोच्च क्रीडा परिषद स्थापन झाली. तिचे मुख्यालय कॅमेरूनमधील याउंडे येथे होते व पहिले महासचिव काँगोचे झाँ-क्लोद गांगा होते. यजमान निवडणे हे परिषदेचे काम; पण तिचा दरारा वाढला तो वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या बहिष्कारामुळे. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमधून आफ्रिकी पथके माघारी गेली, त्यामागे हीच यंत्रणा होती. पुढे १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटी लाच प्रकरणात गांगा यांना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीतून काढून टाकण्यात आले.

दुसरी स्पर्धा १९६९ मध्ये बामाकोला व्हायची होती. नोव्हेंबर १९६८ मध्ये मालीत लष्करी उठाव होऊन मोदिबो केता यांची सत्ता गेली आणि स्पर्धाही गेली. नायजेरियाने ती लागोसला घेतली. तेथील यादवी युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपले होते. स्पर्धा प्रत्यक्षात जानेवारी १९७३ मध्ये सुरुलेरे येथील नव्या राष्ट्रीय क्रीडांगणावर झाली. १,५०० मीटर शर्यतीत टांझानियाच्या फिल्बर्ट बायीने केनियाच्या किप केनोला हरवले, ते याच ठिकाणी.

लांबणीचा काळ : तिसरी स्पर्धा अल्जिअर्सला १९७७ ऐवजी जुलै १९७८ मध्ये झाली. यजमानाची खरी कसोटी कशी लागते हे तेथे दिसले. ईजिप्त आणि लिबिया यांच्यात आदल्याच वर्षी सीमेवर चकमकी झडल्या होत्या आणि ईजिप्तचे अध्यक्ष सादात यांच्या जेरुसलेम (इस्रायल) भेटीने अरब जगत दुभंगले होते. फुटबॉलच्या मैदानावर या दोन संघांच्या लढतीत हाणामारी झाली आणि ईजिप्तने संपूर्ण पथकच मायदेशी नेले. क्रीडादृष्ट्या ही स्पर्धा १०,००० मीटर व ३,००० मीटर स्टीपलचेस या दोन्ही शर्यती जिंकणाऱ्या केनियाच्या हेन्री रोनोची ठरली.

त्यानंतर नऊ वर्षे स्पर्धाच झाली नाही. नैरोबीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे जात अखेर ऑगस्ट १९८७ उजाडला. कासारानी येथील मोई आंतरराष्ट्रीय क्रीडा संकुल चीनच्या साहाय्याने या निमित्ताने उभे राहिले. १९९१ च्या कैरो स्पर्धेपासून ऑलिंपिकच्या आदल्या वर्षीचा क्रम बसला. १९९५ च्या हरारे (झिंबाब्वे) स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेचा पहिल्यांदा सहभाग होता आणि लगोलग १९९९ चे यजमानपद जोहान्सबर्गला मिळाले. २००३ मध्ये अबुजा (नायजेरिया) आणि २००७ मध्ये पुन्हा अल्जिअर्स यांचा क्रम लागला. या दोहोंबाबत येथे विशेष सांगण्यासारखे थोडे आहे.

बदली यजमान : २०११ ची स्पर्धा झांबियातील लुसाकाला दिली होती. पैसा उभा राहत नाही असे सांगत झांबियाने २००८ च्या डिसेंबरात अंग काढून घेतले. मोझांबीकने एप्रिल २००९ मध्ये जबाबदारी पत्करली आणि सप्टेंबर २०११ मध्ये मापुतोत स्पर्धा पार पाडली. अडीच वर्षांहून कमी अवधीत, चिनी बांधणीचे झिंपेतो क्रीडांगण व भोवतालची क्रीडानगरी धरून, हे काम झाले ही गोष्ट दुर्लक्षित राहिली आहे. (पोर्तुगीज भाषक देशांच्या लुसोफोनिया स्पर्धेसाठी गोव्याने २०१३ चा मुहूर्त धरला होता, मैदाने तयार नसल्याने ती जानेवारी २०१४ मध्ये घ्यावी लागली. मोझांबीकचे पथक तिलाही आले होते.)

२०१९ साठी विषुववृत्तीय गिनीतील मालाबोची निवड झाली होती. आर्थिक अडचणीमुळे तो देशही मागे हटला. जुलै २०१८ मध्ये मोरोक्कोचे नाव पुढे आले. पश्चिम सहाराच्या प्रश्नावरून १९८४ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटना सोडलेला हा देश या स्पर्धांपासून दीर्घकाळ दूर होता. जानेवारी २०१७ मध्ये तो त्या संघटनेची जागा घेणाऱ्या आफ्रिकी संघात (आफ्रिकन युनियन) परतला आणि अडीच वर्षांत, ऑगस्ट २०१९ मध्ये, राबातला खंडभरचे खेळाडू जमले. मैदाने बहुतांशी तयार असल्यामुळे जेमतेम वर्षभराची तयारी पुरली. परतीनंतर लगेच यजमानपद घेण्यामागचा राजकीय हेतू लपलेला नव्हता.

बांधकाम व त्यानंतर : नैरोबी आणि मापुतो यांप्रमाणेच ब्राझाव्हिलजवळचे किंतेले संकुलही चिनी कंपनीने बांधले. सुमारे ६०,००० आसनांचे हे क्रीडांगण २०१५ मध्ये, म्हणजे स्पर्धेच्या पन्नाशीच्या वर्षी, पुन्हा ब्राझाव्हिललाच भरलेल्या स्पर्धेसाठी होते; तेलाच्या किमती घसरल्याने काँगोची तिजोरी त्याच सुमारास आटत होती. स्पर्धेनंतर वास्तूंचे काय होते याचे बोलके उदाहरण हरारेलगतच्या चिटुंगविझा येथील जलतरण संकुल. १९९५ साठी बांधलेले हे संकुल पुढे निगेअभावी वापराबाहेर गेले. अबुजाच्या राष्ट्रीय क्रीडांगणाला २०१९ मध्ये नायजेरियन राजकीय नेते मोशूद अबिओला यांचे नाव देण्यात आले. हिरवळीची दुरवस्था तोवर नित्याची झाली होती.

प्रशासन आणि अक्राचा तिढा : सर्वोच्च क्रीडा परिषद २०१३ मध्ये बरखास्त होऊन तिचे अधिकार आफ्रिकी संघाकडे गेले. तेव्हापासून स्पर्धेची मालकी आफ्रिकी संघाची, आयोजनाचा भार राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांच्या महासंघाचा (अनोका) आणि तांत्रिक बाजू क्रीडाप्रकारांच्या खंडीय महासंघांच्या संघटनेची, अशी त्रिपक्षीय विभागणी आहे. कागदावर ती नेटकी वाटते. घानाची राजधानी अक्रा येथील २०२३ च्या स्पर्धेच्या वेळी विपणन व प्रक्षेपण हक्कांवरून या तिघांत बिनसले. त्यात घानाच्या अर्थसंकटाची भर पडली. अखेर स्पर्धा ८ ते २३ मार्च २०२४ ला झाली, नाव मात्र २०२३ चेच राहिले. ऑलिंपिक अवघ्या चार महिन्यांवर असल्याने काही नामवंत खेळाडू आले नाहीत. बोर्टेमन येथे नवे संकुल बांधले होते. ॲथलेटिक्स घाना विद्यापीठाच्या मैदानावर झाले. क्रिकेटचा समावेश प्रथमच होता, आणि पुरुष व महिला अशी दोन्ही सुवर्णपदके झिंबाब्वेने जिंकली.

प्रादेशिक वाटप : यजमानपद फिरते असावे असा संकेत आहे. प्रत्यक्ष हिशेब असा : उत्तर आफ्रिका चार वेळा, पश्चिम व दक्षिण प्रत्येकी तीन वेळा, मध्य दोन वेळा, पूर्व आफ्रिका नैरोबीच्या रूपाने एकदाच. लांब पल्ल्याच्या धावण्यात जगाला भारी पडणाऱ्या इथिओपियाला हा मान अद्याप मिळालेला नाही. २०२७ ची स्पर्धा ईजिप्तकडे आहे, त्यामुळे उत्तरेचे पारडे आणखी जड होईल.

खंडाबाहेरच्या संघटनांच्या स्पर्धा आफ्रिकेत आणण्याचे प्रयत्न यांहून अवघड ठरले. दरबानला २०१५ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचे २०२२ चे यजमानपद मिळाले आणि २०१७ मध्ये काढून घेतले गेले. ती स्पर्धा बर्मिंगहॅमला झाली. २०१४ साठी अबुजा ग्लासगोपुढे, तर २०३० साठी अहमदाबादपुढे मागे पडले. युवा ऑलिंपिक डाकारला २०२२ मध्ये व्हायचे होते, ते २०२६ वर ढकलले गेले. आफ्रिकेच्या स्वतःच्या पहिल्या तीन युवा स्पर्धा राबात (२०१०), गॅबरोनी (२०१४) व अल्जिअर्स (२०१८) येथे झाल्या.